पाड्यावर लक्षणं विचारली की सगळे 'नाही' म्हणतात, मग टीबी शोधायचा कसा?

सातपुडा_सीएचओ
नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या वरच्या अंगाला उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. इथे गाव म्हणजे एका डोंगरावर चार घरं आणि पलीकडच्या डोंगरावर तीन, एक पाडा उरकायलाच अर्धा दिवस जातो. टीबीचं घरोघर सर्वेक्षण चालू आहे, फॉर्मवर लक्षणांची यादी आहे, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटणं, बेडक्यात रक्त, छातीत दुखणं, दम, भूक नसणं, थकवा, मानेला गाठ. आशाताई आणि मी विचारत जातो आणि उत्तर ठरलेलं, नाही, नाही, नाही. पुरुष बिड्या ओढतात, बायका दिवसभर चुलीच्या धुरात, खोकला हा काही आजार आहे असं कोणाला वाटतच नाही.

आता गंमत बघा. मध्यंतरी आठवडी बाजारात हातात धरायचं एक्सरे मशीन आणलं होतं, आले त्या सगळ्यांचे फोटो काढले, काहींच्या फुफ्फुसात डाग दिसला, त्यांचा बेडका ट्रूनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) पाठवला आणि त्यातले दोघंतिघं पॉझिटिव्ह निघाले. मी घरी येऊन जुने फॉर्म काढले तर त्या सगळ्यांपुढे 'लक्षण नाही' असं आमच्याच अक्षरात लिहिलेलं. एक जण तर खांद्यावर लाकडाचा भारा घेऊन बाजारात आलेला होता!

आमचे एक वरिष्ठ म्हणतात तोंडी स्क्रीनिंग म्हणजे निव्वळ कागद रंगवणं. दुसरीकडे मीटिंगमध्ये विचारतात तुमच्याकडे संशयित इतके कमी कसे. मशीन तर कायम मिळणार नाही, तालुक्याला वाटून घ्यायचंय. तर विचारायचं हे की लक्षणं विचारण्यात खरंच अर्थ आहे का, आणि असेल तर विचारायचं कसं? ज्यांनी हे काम पाड्यांवर केलंय त्यांनी सांगा प्लीज, पीपीटीतलं नको.

डॉ_छातीवाला
तुमच्या वरिष्ठांचं अर्धं बरोबर आहे. नाशिकला चेस्ट ओपीडी बघतो, त्याआधी सरकारी नोकरीत होतो, म्हणून आकड्यांनी सांगतो.

२०१९ ते २१ मध्ये देशभर टीबीचा प्रिव्हलन्स सर्वे, म्हणजे लोकांत टीबी किती आहे याची पाहणी झाली. त्यात १५ वर्षांवरच्यांमध्ये लाखामागे ३१६ जणांना फुफ्फुसाचा टीबी प्रयोगशाळेत पक्का सापडला. आणि त्यातले ४२.६ टक्के रुग्ण एक्सरे काढला नसता तर सुटलेच असते, कारण विचारल्यावर त्यांनी लक्षण सांगितलंच नाही. म्हणजे तुमच्या बाजारातलं जे झालं ते काही जगावेगळं नाही, देशभर तसंच आहे. त्याच सर्वेत हेही दिसलं की ज्यांना लक्षणं होती त्यातले ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते, आणि मला विचाराल तर हा आकडा पहिल्यापेक्षा जास्त झोंबणारा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पण हेच आहे. नुसता 'दोन आठवड्यांचा खोकला' विचारला तर १०० रुग्णांतले ४२च्या आसपास पकडले जातात. कुठलंही एक लक्षण धरलं तर ७१ पर्यंत जातं, पण मग निरोगी लोकसुद्धा ढिगाने जाळ्यात येतात. एक्सरेत कुठलाही बिघाड धरला तर ९४. आता तुम्हीच हिशोब करा, प्रश्न बरोबर विचारला तरी बरेच सुटणार, आणि चुकीचा विचारला तर जे सापडण्यासारखे होते तेही गेले.

सुटतात का, तर टीबी एका रात्रीत होत नाही. फुफ्फुसात जखम तयार व्हायला लागलेली असते, जंतू बेडक्यात यायला सुरुवात झालेली असते आणि माणूस अजून शेतात राबतोय. त्याला विचारून काय उपयोग, त्याला खरंच काही होत नसतं. हा एक गट. दुसरा गट तुमच्या धुरातल्या बायकांचा, त्यांना होतंय पण ते त्यांना रोजचंच वाटतं. पहिल्या गटाला एक्सरेशिवाय इलाज नाही. दुसऱ्या गटापुरती तुमच्या विचारण्याच्या पद्धतीत सुधारणा होऊ शकते आणि तिथेच जोर लावा.

मेळघाट_एसटीएस
डॉक्टरसाहेबांनी आकडे दिले, आता आमच्याकडचं सांगतो. चिखलदरा-धारणी पट्ट्यात टीबीचा सुपरवायझर (एसटीएस) म्हणून फिरतो, कोरकू गावं. भाऊ, पहिली गोष्ट, यादी वाचून दाखवायचीच नाही. यादी वाचली की समोरचा माणूस ऐकतच नाही, त्याला वाटते सरकारी माणूस आहे, नाही म्हटलं की लवकर जाईल. आणि तो बरोबर वाटते त्याला, आपण जातोच लवकर!

'दोन आठवडे' कोणाला समजते? मी बाजार विचारतो. हा खोकला लागल्यापासून किती बाजार झाले? दोन झाले म्हटलं की झालं, बेडक्याची डबी हातात. वजन कमी झालं का हे तर विचारूच नका, ज्याचं आयुष्यात वजन झालं नाही तो काय सांगेल. करदोडा सैल झाला का, बाईला विचारा बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, पोलकं ढिलं झालं का. थकवा विचारायचा तर मोहाच्या दिवसात विचारतो मागच्या साली किती टोपल्या वेचल्या आणि औंदा किती. रात्रीचा घाम आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्यांनाच येतो, त्यावर मी फार भरोसा ठेवत नाही.

आणि ज्याला आजार आहे त्यालाच विचारायचं असं कोणी सांगितलं? घरात रात्री कोण खोकते हे सुनेला विचारा. शेजारच्या घरी विचारा. भुमकाकडे, म्हणजे गावच्या भगताकडे जाऊन बसा, गावात कोण झिजत चाललं हे त्याला आपल्या आधी माहीत राह्यते, कारण लोक पहिले त्याच्याकडे जातात. तो काही आपला दुश्मन नाही. त्याला मान दिला तर तो स्वतः पेशंट आणून देते, हिणवलं तर पेशंट लपवते. तुमच्याकडे बडवा असेल, तेच समजा.

बेडक्याचं पण लिहितो कारण इथंच सगळं सांडते. डबी दिली आणि निघून गेले तर दुसऱ्या दिवशी डबीत थुंकी येते, वर फेस. लॅबवाला टेस्ट लावते, निगेटिव्ह येते, आणि तो माणूस वर्षभर सांगत फिरते की माझी तपासणी झाली, मला काही नाही. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, दोनतीनदा खोल श्वास घेऊन आतून खाकरून काढायचा हे करून दाखवा. बायका पुरुषांसमोर खाकरत नाहीत, त्यांना घरामागं मोकळ्या हवेत जाऊ द्या आणि आशाताईला सोबत उभं करा.

मोखाड्याची_आशा
मी आशा आहे, पालघर जिल्हा. मोबाईलवर लिहिते, चुका होतील.

सर्वे कधी करता ते कोणी बोललं नाही. आमच्याकडे दिवाळी झाली भात झोडून झालं की पाडा रिकामा. भिवंडी, कल्याण, वसई, वीटभट्टीवर सगळे. कातकरी तर पूर्ण घर घेऊन जातात पोरांसकट. मग डिसेंबर जानेवारीत मोहीम येते आणि आम्ही म्हाताऱ्या माणसांना विचारतो खोकला आहे का. कुलूप लावलेल्या घरावर पण खडूने लिहायचं असतं. ज्याला आजार असायचा तो भट्टीवर. तिथे झोपडीत सात-आठ जण झोपतात. तिथल्या आशाला ते तिच्या गावचे नाहीत आणि माझ्या रजिस्टरला ते स्थलांतरित.

दसऱ्याच्या आधी विचारा, भात उभं असतं तेव्हा सगळे घरी असतात. नाहीतर पाऊस पडायच्या आधी परत येतात तेव्हा.

दुसरं. मी ज्याची डबी घेते त्याचा रिपोर्ट मला सांगता आला पाहिजे. कधी नमुना सांडला कधी गाडी नाही कधी रिपोर्ट कुठे गेला कोणाला माहीत नाही. मग पुढच्या वेळी तो माणूस मला बघून मागच्या दाराने जातो. तो नाही का म्हणणार? त्यालाही वाटतं हिला सांगून काय होतं. आणि पोरगी लग्नाची असली तर घरात टीबी आहे हे कोण सांगेल. मी फॉर्म खिशात ठेवते, आधी पोरांचं वजन, गरोदर बाई, ताप असं बोलते मग शेवटी खोकल्यावर येते. बाहेर ओटीवर सगळ्यांसमोर कधीच विचारत नाही.

डॉ_छातीवाला
ताई, तुम्ही चुका होतील म्हणून जे लिहिलंत ते आमच्या निम्म्या सेमिनारांपेक्षा भारी आहे. वेळेचा मुद्दा खरंच कोणी बोलत नाही.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून एक हिशोब. जानेवारी २०२२ मध्ये 'आश्वासन' नावाची १०० दिवसांची मोहीम सुरू झाली, देशातल्या १७४ आदिवासी जिल्ह्यांत घरोघर, आणि सुरुवात नंदुरबारातूनच झाली होती. सरकारने दिलेले आकडे असे. १,०३,०७,२०० लोकांना तोंडी विचारलं, ३,८२,८११ संशयित निघाले, त्यातल्या २,७९,३२९ जणांचेच नमुने तपासले गेले आणि ९,९७१ पॉझिटिव्ह. दहा हजार लोक उपचाराला लागले ही छोटी गोष्ट नाही, त्यांच्यापासून घरच्यांना होणारी लागण थांबली. पण गाळण कुठे झाली ते बघा. एक लाखावर माणसांनी 'हो, मला त्रास आहे' असं सांगितलं आणि तरी त्यांची तपासणी झाली नाही. तपासलेल्यांत जो दर आला तोच धरला तर त्यात साडेतीन हजारांवर रुग्ण असू शकतात, आणि हे एक्सरे नव्हता म्हणून सुटलेले नाहीत, नमुना पोचला नाही म्हणून सुटलेले आहेत.

आणि एकूण धरलं तर विचारलेल्या लाखामागे ९७च्या आसपास सापडले. प्रिव्हलन्स सर्वेतला आकडा याच्या तिपटीवर आहे. तुलना अगदी सरळ नाही कारण पद्धत वेगळी, वयोगट वेगळे, आधीच उपचारावर असलेले वेगळे, पण आदिवासी भागात टीबी सरासरीपेक्षा कमी असेल असं मानायला काही कारण नाही. लोकसंख्येत अनुसूचित जमाती ८.६ टक्के आणि नोंद झालेल्या टीबी रुग्णांत १०.४ टक्के, तेही नोंद होणं इतकं अवघड असताना.

ग्वाल्हेरकर
मराठीच आहे, तीन पिढ्या ग्वाल्हेरात. एका गोष्टीवर थोडं सावध करतो. 'आदिवासी भाग' असं एकच मोजमाप लावू नका. आमच्याकडे श्योपूर, शिवपुरी भागात सहरिया समाज आहे, त्यांच्यातल्या पाहणीत लाखामागे दीड हजारांच्या आसपास टीबी सापडलेला आहे, आणि त्याच मध्य प्रदेशात सगळ्या आदिवासींची मिळून सरासरी चारशेच्याही खाली. जबलपूरच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. सहरियांत उपासमार, दगडखाणी, दारू-तंबाखू सगळं एकत्र आहे. जिथे प्रमाण इतकं जास्त तिथे लक्षणं विचारत बसण्यापेक्षा सरसकट एक्सरे काढणं स्वस्त पडतं. तुमच्या पाड्यांत मागच्या दोनतीन वर्षांत कुठे किती निघाले ते आधी नकाशावर मांडा, मशीन तिकडे न्या.

पावरा_पोरगा
मी धडगाव तालुक्यातलाच आहे, आता पुण्यात शिकतो. बारावीला असताना मला टीबी झाला होता. मी पण आशाताईला नाही म्हणालो होतो, म्हणून लिहितो.

का नाही म्हणालो तर हो म्हटलं की खाली जावं लागतं. जीपचं भाडं, एक दिवस माझा एक दिवस वडिलांचा, तिथे गेल्यावर मशीन बंद आहे उद्या या. उद्या म्हणजे परत तेवढंच. खोकला तर होताच पण तो सिकलसेलमुळे (रक्ताचा आनुवंशिक आजार) अशक्त आहे म्हणून आहे असं घरच्यांना वाटायचं, आमच्याकडे कोणी बारीक झालं दमलं की सिकल असेल असं म्हणतात आणि पुढे कोणी बघत नाही. शेवटी रक्त पडलं तेव्हा नेलं.

गोळ्या सुरू झाल्या तर लघवी लाल. आजीने गोळ्या फेकायला लावल्या होत्या, तिला वाटलं रक्त जातंय. कोणी आधी सांगितलंच नव्हतं की त्या गोळीचा रंगच तसा आहे. हे पहिल्या दिवशी सांगा सगळ्यांना, खरंच सांगा.

रुग्णाला खाण्यापिण्यासाठी सरकारचे पैसे येतात खात्यात, तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, पण आधार लिंक नव्हतं म्हणून माझे गोळ्या संपल्यावर आले. त्या पैशात मी बूट घेतले 😄

सातपुडा_सीएचओ
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बाजाराने आठवडे मोजायची युक्ती उद्यापासूनच. आशाताईंचा वेळेचा मुद्दा तर थेट लागला, आमचे लोक ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला घरी येतातच येतात, काहीही झालं तरी. होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा अख्खा सातपुडा खाली असतो. मशीन त्याच आठवड्यात मागतो.

पण डॉक्टर, मशीन मिळालं तरी सगळ्यांचे एक्सरे शक्य नाहीत. कोणाला आधी घेऊ? नियमात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ पेक्षा कमी हा एक निकष आहे, पण त्या निकषाने आमच्याकडे जवळजवळ अख्खा पाडाच येतो. आणि संगणक जो एक्सरे वाचून दाखवतो त्यावर किती विश्वास ठेवायचा?

डॉ_छातीवाला
पहिले, ज्या घरात टीबी निघालाय त्या घरातले सगळे, लक्षण असो नसो. मग ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय ते, मग साठीच्या वरचे, मधुमेहवाले, रोज दारू किंवा बिडी घेणारे. आणि मेळघाटवाल्या भाऊंनी सांगितलं तसं ज्यांच्याबद्दल शेजारी बोलतात ते. बीएमआय एकदाच मोजून तुमच्याकडे फरक कळणार नाही, मागच्या वजनाशी तुलना करा, उतरलंय का ते बघा. लहान मुलांसाठी अंगणवाडीतलं वजनाचं रजिस्टर उघडा, तीन महिने ज्याची रेघ वर जात नाही आणि घरात रुग्ण आहे ते मूल बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मुलांना बेडका काढता येत नाही त्यामुळे डबी देऊन उपयोग नसतो.

संगणकाचं म्हणाल तर १५ वर्षांवरच्यांसाठी तो वापरायला जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून मान्यता आहे. पण तो फक्त 'इथे बघा' म्हणतो. जुन्या बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण असला तरी बोट दाखवतो, गुजरातेत दगडाच्या भुकटीत काम करून आलेल्याची सिलिकोसिसची छाती असली तरी दाखवतो. म्हणून एक्सरेवर गोळ्या सुरू नाही, पुढे ट्रूनॅट किंवा सीबीनॅट. आणि त्यातही एक मेख, या तपासण्या जंतूंचा डीएनए शोधतात, मेलेल्या जंतूंचाही सापडू शकतो, त्यामुळे अलीकडेच कोर्स पूर्ण झालेल्याचा पॉझिटिव्ह आला तर घाई न करता कल्चरला (जिवंत जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवा. गरोदर बाईला शक्यतो आधी बेडका, फारच गरज पडली तर पोटावर शिशाचं एप्रन घालून एक्सरे.

घरातल्या बाकीच्यांना टीबी नाही हे पक्कं झालं की प्रतिबंधक गोळ्या द्या, आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा कोर्स आहे. आणि अन्न. झारखंडात झालेल्या रेशन्स अभ्यासात रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना धान्य आणि डाळ दिली तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. निक्षय मित्र, म्हणजे टीबी रुग्णाला अन्नाची टोपली देणारा दाता कोणी मिळत असेल तर एकट्या रुग्णाची टोपली मागू नका, घराची मागा.

खडा_सवाल
सगळं छान आहे पण मशीनची बॅटरी गेली की कोण बघणार ते सांगा. आमच्या तालुक्यात आलेलं मशीन पेटीत आहे, रेडिओग्राफरची जागा रिकामी. फोटो काढायच्या दिवशी मात्र निघतं बाहेर.

मेळघाट_एसटीएस
खरं आहे भाऊ, म्हणूनच डबीचं काम पक्कं ठेवा म्हणतो. मशीन वर्षातून दोनदा येईल, डबी रोज जाऊ शकते.

सातपुडा_सीएचओ
डबी वरून खाली पाठवायची सोय काय केलीत तुम्ही? आमच्याकडे नमुना नेणारा माणूस कागदावर आहे पण तो सगळ्या उपकेंद्रांना पुरत नाही.

मेळघाट_एसटीएस
काळी-पिवळीवाला. रोज सकाळी गावातून पहिली जीप तालुक्याला जाते ना, त्या ड्रायव्हरशी बोललो. तीन पदरी पॅकिंग करून, झाकण टेपने बंद, बर्फाच्या पाण्याच्या बाटल्यांसोबत थर्माकोलच्या डब्यात, वर नाव-नंबर, त्याला उघडायचं नाही हे नीट समजावून. आधी आमच्या साहेबांची लेखी परवानगी घेतली, भाडं तिकडूनच मिळते. लॅबवाल्याला सकाळीच व्हाट्सअप करतो इतक्या डब्या निघाल्या, तो स्टँडवर घ्यायला पाठवते. दुपारपर्यंत ट्रूनॅट लागते आणि संध्याकाळी त्याच जीपने निरोप परत. उन्हाळ्यात पहिल्याच जीपने पाठवा, दुपारच्या नको. ड्रायव्हरला पण एकदा एक्सरेला बसवा, तो रोज सगळ्यांसोबत काचा बंद करून फिरते.

सातपुडा_सीएचओ
आमच्या जीपवाल्याला उद्या गाठतो. तो खोकतो पण 😅 किती बाजार झाले ते विचारतो आधी.